मंडणगड ते गुहागर : किनाऱ्यावरची मावळती, चांदणे आणि कासवे, कधी जावे, काय पाहावे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बाणकोटजवळ सावित्री नदी समुद्राला मिळते. तिथून खाली वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, कोळथरे आणि दाभोळ. मग वाशिष्ठीची खाडी ओलांडली की अंजनवेल, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. मंडणगड, दापोली आणि गुहागर या तीन तालुक्यांचा हा किनारा. दिवाळी सरली की शनिवार-रविवारी इथे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो, रात्री मासळीचे जेवण, सकाळी डॉल्फिनची बोट आणि दुपारी परत.

एवढ्यात किनारा पाहून होत नाही. सूर्य बुडाला की माणसे उठून जातात आणि आकाश खरे रंगते ते त्यानंतर. किनारपट्टीवरच्या शहरांत आता न उरलेली गोष्ट इथे अजून आहे, ती म्हणजे अंधार. चांदण्या त्यामुळेच दिसतात आणि कासवाच्या पिल्लांना समुद्राची वाटही त्यामुळेच सापडते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे लक्षात घेऊन पुढची माहिती वाचावी.

आधी तिथी, मग सुट्टी

समुद्रावर जायचे तर कॅलेंडरमध्ये लाल तारखेआधी तिथी बघावी. कोकणातल्या जुन्या माणसांचा भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, ३ ने गुणायचा आणि ४ ने भागायचा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला १५ चा आकडा धरून सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा १ पासून. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणजे दुपारी तीनला आली तर पहाटेही तीनच्या आसपास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, त्यामुळे पोहायला किंवा होडीने जायचे असेल तर छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रकच बघावे. पण बेत आखायला तिथीचा हिशेब पुरेसा आहे.

याचा मावळतीशी थेट संबंध आहे. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत ओहोटी संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान येते. हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी खूप आत जाते. मागे रुंद, ओली, सपाट वाळू उरते आणि तिच्यात सगळे आकाश उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा नेमकी संध्याकाळी सहाला भरती, चालायला जागा कमी आणि वाळूतला आरसा गायब. एकाच किनाऱ्यावर आठ दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन पाहुण्यांचे मत वेगळे का असते, त्याचे हे कारण.

अमावास्येनंतर द्वितीया-तृतीयेला आणखी एक गोष्ट मिळते. सूर्य बुडाल्यावर त्याच बाजूला चंद्राची बारीक कोर दिसते आणि कोरीच्या आतला काळा भागही अंधूक उजळलेला असतो. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड. पौर्णिमेच्या पहाटे उठण्याची तयारी असेल तर पूर्ण चंद्र समुद्रात मावळताना दिसतो. पूर्वेला डोंगरामागे उजाडत असते आणि समोर चंद्र तांबूस होत पाण्याला टेकतो. सूर्यास्ताला शेकडो माणसे असतात, या वेळी किनाऱ्यावर चार कुत्री आणि रापणीची माणसे.

मावळतीचे गणित

या किनाऱ्यावर सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, सहाच्या सुमारास. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ चा असला तरी तोवर सूर्यास्त काही मिनिटांनी पुढे सरकलेला असतो. जुलैच्या सुरुवातीला तो सव्वासातच्या आसपास जातो, पण तेव्हा ढगांपुढे कुणाचे चालत नाही.

सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. डिसेंबरमध्ये तो पश्चिमेपासून २४-२५ अंश दक्षिणेकडे सरकतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे वर्षभरात मावळती जवळपास पाच मुठींनी हलते. एखाद्या बुरुजामागे किंवा खडकामागे सूर्य मावळतानाचा नोव्हेंबरातला फोटो मार्चमध्ये त्याच जागेवरून मिळत नाही.

महिना कोणता चांगला? पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतल्यासारखी असते आणि उंचावर पिसासारखे ढग असतात. रंग उमटायला हे ढग लागतात. कोरे आकाश दिसायला छान, पण मावळतीला फिकेच पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि बऱ्याचदा सूर्य पाण्याला टेकण्याआधीच त्यात विरून जातो. त्या दिवसांत लांबून फक्त मावळतीसाठी येणाऱ्याची निराशा होऊ शकते.

खालची कड पाण्याला टेकल्यापासून पूर्ण बिंब दिसेनासे व्हायला जेमतेम दोन-अडीच मिनिटे लागतात. या वेळी सूर्य चपटा दिसतो, कारण क्षितिजालगतच्या दाट हवेतून येताना प्रकाश वाकतो. तो इतका वाकतो की बिंब पाण्यावर टेकलेले दिसते तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा अगदी स्वच्छ असेल तर शेवटचा ठिपका क्षणभर हिरवा दिसतो. हा हिरवा झबका नशिबाचा भाग आहे आणि त्याच्या नादात सूर्याकडे टक लावून बघत बसू नये. दुर्बिणीतून तर मुळीच नाही.

बिंब बुडाल्यावर दहा ते वीस मिनिटांनी ढगांच्या खालच्या बाजूला गुलाबी, मग जांभळा रंग चढतो. सूर्य गेला म्हणून चहाकडे पळणाऱ्यांचे हेच हुकते.

उंचावरून बघायचे असेल तर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, बाणकोटचा किल्ला, अंजनवेलचा गोपाळगड आणि तिथल्या दीपगृहाचा परिसर या जागा चांगल्या. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो आणि समोर सुवर्णदुर्ग. तिथे वास आहे, चिखल आहे, आरडाओरडा आहे, पण मावळतीला इतकी जिवंत जागा या पट्ट्यात दुसरी नाही.

अंधार पडल्यावर

सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने पूर्ण काळोख होतो. डोळ्यांना त्याची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि मोबाइलची स्क्रीन एकदा उघडली की ती सवय मोडते. अमावास्येच्या आगेमागे पाच-सहा दिवस चांगले.

आकाशगंगा बघायला डोंगरावरच जावे लागते असा समज आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अंधार पडताच नैर्ऋत्येला धनू राशीकडचा तिचा दाट पट्टा समुद्राकडे कललेला दिसतो. पुढे तो लवकर मावळतो. फेब्रुवारीत मृग नक्षत्र, व्याध आणि त्याच्या खाली दक्षिणेला अगस्त्य. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आणि अगस्त्य दुसऱ्या क्रमांकाचा. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिण क्षितिजापासून दोन मुठी वर असतो. मेच्या सुरुवातीला रात्री दहा-साडेदहाला त्रिशंकू क्षितिजाच्या मूठभर वर उभा दिसतो. त्यासाठी दक्षिणेला डोंगराची सोंड आड येणार नाही अशी जागा हवी. गुहागरसारखी लांब पुळण इथे उपयोगी पडते.

हिवाळ्यात कधी कधी लाट फुटताना निळसर उजेड चमकतो. ओल्या वाळूवर पाय आपटला तरी ठिणग्या उडाल्यासारखे वाटते. हा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांचा प्रकाश आहे, पाणी ढवळले की ते चमकतात. आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही. व्हिडिओ पाहून खास त्यासाठी येणाऱ्यांना घरमालकांनी तसे आधीच सांगितलेले बरे.

कासवांची गावे

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी फिरत असताना वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी चोरीला जात होती, कुत्री-कोल्हे घरटी उकरत होते. संस्था, वन विभाग आणि गावकरी यांनी मिळून संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव आला, त्याच्याबरोबर पाहुणे आले आणि घरोघरी राहण्या-जेवणाची सोय सुरू झाली. नाना फडणवीसांचे गाव म्हणून माहीत असलेले वेळास आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. आंजर्ले आणि गुहागरनेही ही वाट धरली. अलीकडच्या हंगामांत घरट्यांच्या संख्येत गुहागर सगळ्यांच्या पुढे गेले आहे.

इथे येते ते ऑलिव्ह रिडले कासव. पाठ साधारण दोन फूट लांब, वजन ३५ ते ४५ किलो. मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीड-दोन फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि परत जाते. पिल्लांकडे पुन्हा बघत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा हंगाम. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, म्हणजे पाहायची तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ. वाळूचे तापमान जास्त असेल तर माद्या जास्त, कमी असेल तर नर जास्त, असा निसर्गाचा हिशेब आहे. उन्हाळे तापत चालले तर तो बिघडेल ही अभ्यासकांची चिंता.

गावात कासवमित्र असतात. ते पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पावलांचा ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग ओळखतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या हॅचरीत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात आणि तारखेची पाटी लावतात. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचे. पिल्ले आली असतील तर पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडायची. चालणे त्यांचे त्यांनाच करावे लागते.

टोपलीखाली आज पिल्ले असतील का, हे कुणीच सांगू शकत नाही. पाचशे किलोमीटर गाडी चालवून आल्यावर सकाळी रिकामी टोपली बघावी लागली म्हणून कासवमित्राशी वाद घालणारे लोक दर हंगामात भेटतात. दोन दिवस मुक्काम ठेवला तर चार वेळा संधी मिळते, एवढेच हातात आहे.

ही कासवे पुढे कुठे जातात याचा माग काढायला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने २०२२ च्या सुरुवातीला पाच माद्यांवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. पहिली वेळासची, नाव ‘प्रथमा’. आंजर्ल्याची ‘सावनी’, गुहागरच्या ‘वनश्री’, ‘रेवा’ आणि ‘लक्ष्मी’. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. त्याहून आश्चर्य २०२५ च्या जानेवारीत घडले. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर ओडिशाचा टॅग निघाला. २०२१ मध्ये गहिरमाथ्याला अंडी घालतानाच तिला तो लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी, असे धरून चालणाऱ्यांना त्या एका टॅगने विचारात पाडले.

दिव्यांचा प्रश्न

वाळूतून वर आलेले पिल्लू रात्री जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे चालते. काळोख्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची, कारण पाणी चांदण्यांचा उजेड परतवते आणि जमिनीकडे सुरू-माडांची काळी भिंत असते. मागच्या बाजूला हायमास्ट, लॉनवरचे फोकस किंवा गाड्यांचे हेडलाइट असतील तर पिल्लू उलटे फिरते. मग कुत्री, कावळे, मुंग्या आणि सकाळचे ऊन. अंडी घालायला आलेली मादीही उजेड आणि हालचाल दिसली तर तशीच माघारी जाते. हॅचरीतली पिल्ले माणसांच्या नजरेखाली असतात, पण शोधात न सापडलेल्या घरट्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

पर्यटन वाढावे म्हणून दिवे लावायचे आणि पर्यटक येतात ते कासवे व चांदणे बघायला, अशी ही कोंडी आहे. दिवे बंदच ठेवा असे कुणी म्हणत नाही. दिवा कमी उंचीचा, वरून झाकलेला, जमिनीकडे तोंड असलेला आणि पिवळसर-तांबूस असला तर चालण्यापुरता उजेड मिळतो आणि किनारा काळोखा राहतो. पांढरा एलईडी फोकस समुद्राच्या दिशेने लावण्याचे कारणच समजत नाही. त्यात दिसते ती फक्त वाळू. नोव्हेंबर ते मे एवढे महिने समुद्राकडचे दिवे रात्री नऊनंतर मालवण्याचा ठराव ग्रामसभांना करता येण्यासारखा आहे. त्याला खर्च लागत नाही, उलट वीजबिल वाचते.

वाळूवर गाडी घालणे हा दुसरा उपद्रव. चाकाखाली न सापडलेले घरटे जाऊ शकते, चाकोरीच्या खोल सरीत पिल्ले अडकतात. शिवाय ओल्या वाळूत गाडी रुतली आणि भरती सुरू झाली की ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारे पाणी. असे प्रसंग दर सुट्टीत होतात, तरी हौस फिटत नाही.

पक्षी, डॉल्फिन आणि वाळूतली रांगोळी

ऑक्टोबर ते मार्च कुरव पक्ष्यांचे थवे किनाऱ्यावर असतात. हर्णैच्या लिलावाजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी ते हमखास दिसतात. त्यांच्यात सुरय, ब्राह्मणी घारी, बगळे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात तुतवार आणि चिखले भराभर चोच मारत असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या या पक्ष्यांना खायला मिळणारे तास मोजके. फोटोसाठी थव्यात पळत जाऊन त्यांना उडवणे म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणे. समुद्री गरुड उंच झाडावर मोठे घरटे बांधतो. पोट पांढरे, पंख करडे, पसरले की दोन मीटरपर्यंत. समुद्रसाप हे त्याचे आवडते खाद्य. घरटे दिसले तर झाडाखाली गर्दी करू नये.

मुरुड, कर्दे, गुहागर भागात किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन पाठीवर उंचवटा असलेल्या हम्पबॅक जातीचा असतो. ही जात जगभरात संकटात आहे. सकाळी वारा पडलेला असताना तो जास्त दिसतो. चार बोटींनी घेरले की तो बुडी मारून लांब निघतो, त्यामुळे इंजिन मंद ठेवून थांबणारा नावाडी जास्त दाखवू शकतो. पाठलाग करायला पाहुण्यांनीच सांगू नये.

वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. खाडीत उतरण्याआधी गावात विचारावे.

लहान मुले बरोबर असतील तर ओहोटीच्या वाळूवर बसावे. मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ती इवल्याशा खेकड्यांची. ते वाळू तोंडात घेऊन त्यातले खाद्य काढतात आणि उरलेली गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीला सगळे पुसले जाते.

यायचे कसे, राहायचे कुठे

दापोली-मंडणगड बाजूला कोकण रेल्वेचे खेड स्थानक, गुहागरसाठी चिपळूण. पुढे एसटी किंवा खासगी वाहन. वेश्वी-बागमांडला फेरीने रायगडच्या श्रीवर्धनकडून मंडणगडात उतरता येते, दाभोळ-धोपावे फेरीने दापोली आणि गुहागर जोडले जाते. दोन्ही फेऱ्यांवर गाडी चढते. वेळासमध्ये राहणे-जेवणे बहुतेक गावकऱ्यांच्या घरीच, त्यामुळे हंगामात आधी फोन करूनच निघावे. जेवण घरातले असते, वेळही घरातलीच पाळावी.

जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि समुद्रात उतरणे जिवावरचे असते. बाकी महिन्यांतही अनोळखी किनाऱ्यावर, विशेषतः खाडीच्या तोंडाशी आणि ओहोटी लागल्यावर पोहू नये. स्थानिक माणूस नको म्हणाला तर ते ऐकावे.

कासव किंवा डॉल्फिन किनाऱ्याला लागले तर

पावसाळ्यात तुटलेल्या जाळ्यांत अडकलेली, परे जखमी झालेली कासवे वाहून येतात. जिवंत कासव दिसले की ते समुद्रात परत ढकलण्याची घाई होते. तसे करू नये. ते थकलेले किंवा जखमी असते आणि पाण्यात गेल्यावर बुडू शकते. त्याला सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके टाकावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, तोंडात पाणी घालू नये, कुत्री आणि गर्दी लांब ठेवावी. अंगात गुंतलेले जाळे ओढून काढू नये, लांब सुटे टोक तेवढे कापावे. डॉल्फिन जिवंत असेल तर त्याची कातडी ओली ठेवावी आणि डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नये. दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून मेलेले असले तरी हात न लावता कळवावे. गावातल्या कासवमित्राला, वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा आणि माणूस येईपर्यंत कुणीतरी तिथे थांबावे.